पाण्याला वाट, वास्तूला आयुष्य

(जीर्णोद्धार समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळात पाऊल टाकले की दृष्टी प्रथम मूर्तीकडे जाते आणि बाहेर आल्यावर कळसाकडे. गाभाऱ्याच्या भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी पन्हळीकडे सहसा कोणी पाहत नाही. अभिषेकाचे पाणी बाहेर जाण्याची ही वाट. कोठे तिला प्रनाळ म्हणतात, कोठे गोमुख. महादेवाच्या देवळात ही वाट ओलांडू नये असा संकेत आहे. भाविक तिथवर जातो, मागे फिरतो आणि सोमसूत्री प्रदक्षिणा पुरी करतो. या संकेतामागची धर्मभावना मोठी आहेच. पण ज्या खोलीत रोज घागरींनी पाणी ओतले जाणार ती खोली शेकडो वर्षे टिकवायची, तर पाण्याला हक्काची वाट दिलीच पाहिजे, हे बांधणाऱ्याने ओळखले होते. त्या वाटेत दगड, राडारोडा, निर्माल्य पडू नये म्हणून तिला पावित्र्य लाभले असेल, तर त्यात नवल वाटायला नको.

आज या समारंभाच्या निमित्ताने एवढीच एक गोष्ट मांडायची आहे. घर असो, वाडा असो की देऊळ असो, पाण्याने बिघडलेल्या वास्तूची दुरुस्ती म्हणजे आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट देणे. जी दुरुस्ती पाणी आत कोंडते ती दुरुस्ती नव्हे. ती नव्या पडझडीची सुरुवात होय.

कोणी म्हणेल, शिरूर तालुका हा अवर्षणप्रवण मुलूख. इथे पावसाची वाट पाहता पाहता डोळे शिणतात, तिथे पाण्याने होणाऱ्या नुकसानीची कथा कशाला? परंतु घोड नदीचे पाणी शिरूरच्या पावसावर अवलंबून नाही. ती आंबेगाव तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत उगम पावते, वाटेत मीना आणि कुकडी यांना पोटात घेते आणि मग शिरूरला येते. पाऊस घाटमाथ्यावर कोसळतो आणि पूर इथल्या काठाला येतो. भीमेचेही तसेच. पुण्याच्या मुळा-मुठेचे पाणी रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते आणि दौंडकडे जाते. म्हणजे आकाश निरभ्र असले तरी नदी दुथडी भरून वाहू शकते. आणि कधी आकाशच फाटते. ऑक्टोबर २०२० मध्ये दौंड, इंदापूर, बारामती या कोरडवाहू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागांत परतीच्या पावसाने केवढा हाहाकार केला, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल.

या नदीकाठच्या माणसाने पाण्याशी मांडलेला संसार फार जुना आहे. शिरूर तालुक्यातच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी अशा विद्वानांच्या देखरेखीखाली तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती उजेडात आली. मातीच्या भिंतींची घरे, धान्य साठवण्याच्या जागा, चुली, भांडी असे सारे सापडले. त्यातच सापडला एक बांध आणि एक पाट. पुराचे पाणी वस्तीत शिरू न देता पाटाकडे वळवावे, अशी ती योजना होती. त्या लोकांजवळ लोखंड नव्हते, सिमेंट तर नव्हतेच. पण पाण्याला थोपवण्यापेक्षा वळवावे, हे त्यांना उमगले होते.

पुढच्या काळातल्या बांधणाऱ्यांनीही हेच सूत्र सोडले नाही. सिद्धटेकचे सिद्धिविनायकाचे देऊळ पाहावे. दौंड तालुक्यातील शिरापूरहून भीमा ओलांडली की समोर टेकावर ते उभे आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. नदी पायथ्याशी आणि देव उंचावर, ही जागेची निवड हीच पुरावरची पहिली उपाययोजना. वाईचा ढोल्या गणपती तर थेट कृष्णेच्या घाटावर बसला आहे. गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये ते देऊळ बांधले आणि त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती केली. पुराचे पाणी त्या टोकावर येते, दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. नृसिंहवाडीला तर दरवर्षीच कृष्णामाई दत्तमंदिरात येते. लोक त्याला संकट मानत नाहीत. दक्षिणद्वार सोहळा म्हणून स्नानाला गर्दी करतात. उत्सवमूर्ती वर हलवतात आणि पाणी उतरले की गाळ धुऊन काढून पूजाअर्चा पूर्ववत सुरू होते. पाणी येणारच, हे धरून चाललेले ते देवस्थान आहे.

मग पाण्याने बिघडते काय? हे समजण्यासाठी १२ जुलै १९६१ हा दिवस आठवावा. त्या दिवशी सकाळी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले आणि मुठेकाठचे पुणे पाण्याखाली गेले. पाणी काही तासच राहिले. पण शनिवार, नारायण, कसबा अशा पेठांतील जुनी घरे आणि वाडे ढासळले. ज्यांच्या भिंती कच्च्या विटांच्या आणि मातीच्या होत्या, त्या पाण्यात विरघळल्या. मुठेच्या काठावरच असलेले पेशवेकालीन ओंकारेश्वराचे देऊळ मात्र उभे राहिले. घडीव दगडाला पुराने वाकवले नाही. बेघर झालेल्यांसाठी पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती उठल्या. ज्यांचे वाडे गेले त्यांना कळले, की भिंतीच्या तळाशी दोन-तीन हात घडीव दगड आणि चुना असता, तर कदाचित वरची माती वाचली असती.

यात एक बारकावा आहे. पाणी चढत असताना भिंतीला दोन्ही बाजूंनी पाण्याचा आधार असतो. पाणी झपाट्याने उतरले की तो आधार जातो, भिंत मात्र पाणी पिऊन जड आणि मऊ झालेली असते. म्हणून पूर ओसरल्यावर लगेच घरात धावून जाणे धोक्याचे. आधी बाहेरून चारी भिंती निरखाव्यात. कोठे पोट आले आहे का, कोपरे सुटले आहेत का, तुळईचे टोक सरकले आहे का, हे पाहावे. वीज बंद असल्याची खात्री करावी. संशयास्पद भिंतीला बल्ल्यांचा टेकू द्यावा. माणूस वाचला तर घर पुन्हा बांधता येते.

त्यानंतरचे पहिले काम गाळाचे. गाळ ओला असतानाच काढावा. वाळला की तो दगडाच्या नक्षीत आणि लाकडाच्या कोरीवकामात सिमेंटासारखा बसतो. लोखंडी खोऱ्याऐवजी लाकडी फळी, झाडू आणि साधे पाणी वापरावे. जोराच्या फवाऱ्याने जुना चुना निघून जातो. तळघर किंवा बळद भरले असेल तर ते एका दिवसात उपसू नये. बाहेरची माती ओलीच असते, तिचा दाब रिकाम्या तळघराच्या भिंतीवर येतो. थोडे थोडे उपसावे.

दुसरे काम वाळवणीचे, आणि इथेच माणसाचा धीर सुटतो. जाड भिंत सुकायला लागणारा काळ ठरवण्याचा कारागिरांचा एक ढोबळ ठोकताळा आहे, तो असा: एक इंच जाडीला एक महिना. दोन फुटांची भिंत असेल तर ती पुरती सुकायला वर्ष-दोन वर्षे लागू शकतात. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, भिंतीला टेकलेली कपाटे, कणग्या, फरशा दूर कराव्यात, वारा खेळू द्यावा. शेगडी पेटवून किंवा भट्टी लावून भिंत घाईने वाळवू नये. वरचा थर वाळतो, आतले ओल तसेच राहते, लाकूड तडकते.

भिंत सुकत असताना आणखी एक गोष्ट घडते. पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर येतात आणि पांढरे फूल धरतात. यालाच लोणा लागणे म्हणतात. इटलीतील फ्लॉरेन्स शहराला ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीच्या पुराने वेढले. तेथील जगप्रसिद्ध भित्तिचित्रांचे बरेचसे नुकसान पाणी उतरल्यानंतर, भिंती सुकताना, याच क्षारांनी झाले. इथल्या कारागिराने आणि तिथल्या पंडिताने शिकलेला धडा एकच आहे. लोणा कोरड्या मऊ कुंच्याने झाडून, गोळा करून दूर टाकावा. पाण्याने धुतला तर तो पुन्हा भिंतीत जिरतो.

सज्जनहो, आता घाईच्या दुरुस्तीकडे वळावे. भिंत ओली दिसली की तिच्यावर सिमेंटचा गिलावा, दगडाच्या सांध्यांत सिमेंट, वर ऑईलपेंट आणि खाली चकचकीत फरशी, हा आज गावोगावचा रिवाज झाला आहे. हेतू चांगला असतो, पैसाही श्रद्धेचा असतो. पण परिणाम उलटा होतो. आपल्याकडचा काळा पाषाण स्वतः फारसे पाणी पीत नाही. पाणी चालते ते सांध्यांतून, विटांतून आणि दोन घडीव दगडांच्या मधल्या भरावातून. जुना चुना मऊ आणि सच्छिद्र असतो, त्यातून ओल बाहेर श्वास टाकते. त्या सांध्यांत सिमेंट भरले की भिंतीचे नाकतोंड दाबल्यासारखे होते. ओल मग वर चढते, नाहीतर आतल्या अंगाने गाभाऱ्यात उतरते. भराव फुगतो आणि दगड पुढे येतात. मातीच्या घराचे तर विचारूच नये. मऊ भिंतीवर कडक सिमेंट धरतच नाही. मागे पोकळी होते, तीत पाणी आणि वाळवी राहते, आणि एके दिवशी गिलाव्याचा अख्खा पापुद्रा निखळतो. वर दिसायला भिंत नवी, आत चिखल!

याला पर्याय पूर्वजांनी ठेवलेला आहे. देवळासाठी कळीचा चुना भिजवून मुरवावा, त्यात चाळलेली वाळू मिसळून घाणीत मळावा. जिथे ओल फार, तिथे विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालावी. हिरडा, गूळ, बेलफळाचा गर यांचे पाणी चुन्यात घालण्याची रीत जुन्या गवंड्यांना ठाऊक होती. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो. म्हणून भर पावसात किंवा वैशाखाच्या उन्हात हे काम करू नये. दसऱ्यानंतर सुरू करावे आणि ओल्या गोणपाटाने झाकून जोपासावे. मातीच्या घरासाठी मातीच हवी. पांढरी माती भुसा किंवा तूस घालून भिजवावी, काही दिवस कुजू द्यावी, तुडवावी आणि मग लिंपावी. माळवदाचे घर असेल तर पावसाळ्यापूर्वी खारी माती टाकून उतार नीट करावा आणि पन्हळी मोकळ्या कराव्यात. तुळईची टोके भिंतीत जिथे शिरतात तिथे टोचणीने टोचून पाहावे. बाहेरून धडधाकट दिसणारे सागवान तिथेच आधी कुजते.

शिखरावर उगवलेले पिंपळ-वडाचे रोप हेही पाण्याचेच काम. पाणी फटीत थांबते, पक्षी बी टाकतो, मूळ फट रुंद करते. असे झाड हिसडून उपटू नये, त्याबरोबर विटा येतात. ते कापून, मूळ मारून, ती पोकळी चुन्याने भरून घ्यावी. एखादा भाग उतरवून पुन्हा बांधावाच लागला, तर प्रत्येक दगडावर क्रमांक घालून, छायाचित्रे काढून मगच हात लावावा. देऊळ १९६० च्या राज्य कायद्याखाली संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय एक दगडही हलवू नये.

आणखी एक संकट असे आहे की ते नदीने आणलेले नाही, गावानेच आणले आहे. रस्ता दरवेळी नव्या थराने उंच होतो. आवारात फरशीवर फरशी बसते. पाहता पाहता देवळाचे जोते जमिनीत जाते आणि ज्या उंबऱ्याला पाच पायऱ्या चढून जावे लागे, तिथे दोन पायऱ्या उतरून जावे लागते. मग साधी सरही गाभाऱ्याकडे धावते. घरांचेही तेच. रस्ता करताना आधी जुना थर खरवडून काढावा, पातळी जोत्याखाली राखावी, भिंतीलगत हात-दीड हात जागा मुरूम-खडीची मोकळी ठेवून बाहेरच्या अंगाला उतार द्यावा. हा ठराव ग्रामसभेत होऊ शकतो. त्याला वर्गणी लागत नाही, फक्त एकमत लागते.

पाणी कागदालाही सोडत नाही. देवस्थानच्या सनदा, इनामपत्रे, मोडी लिपीतील दफ्तरे, जमाखर्चाच्या वह्या यांत गावाचा इतिहास असतो. त्या भिजल्या तर ओल्या पानांची ओढाताण करू नये, कडक उन्हातही टाकू नयेत. सावलीत, वाऱ्यावर, पानांमध्ये टिपकागद घालत सुकवाव्यात. फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात पूर आला तेव्हा देशोदेशीच्या तरुणांनी चिखलातून ग्रंथ हातोहात बाहेर काढले होते. इथल्या तरुण मंडळांनाही असे काम जमण्यासारखे आहे. ती वेळ न यावी हे उत्तम. म्हणून दफ्तर तळमजल्यावरच्या पेटीत न ठेवता उंचावर ठेवावे आणि त्याची एक प्रत दुसऱ्या गावी असावी.

हे सारे ऐकून एखाद्या देणगीदाराच्या मनात येईल, यात नाव कोरायचे कोठे? सभामंडपाच्या खांबावर नाव शोभते, कळसासाठी बोली लागते, पण गटारासाठी, पन्हळीसाठी, चुन्याच्या सांध्यासाठी कोण देणार? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. देवळे नव्याने बांधायला पैसा मिळतो आणि टिकवायला मिळत नाही, ही आजची खरी अडचण आहे. ज्याने कष्टाचे पैसे दिले त्याला आपल्या दानाचे काहीतरी डोळ्यांना दिसावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही विचार करावा. अहिल्यादेवींनी जागोजागी घाट, विहिरी, बारवा बांधल्या. घाट म्हणजे माणसाला पाण्यापर्यंत सुखरूप नेणारी आणि काठ धरून ठेवणारी वाटच. त्यांचे नाव दगडावर असो वा नसो, लोकांच्या तोंडी आहे.

म्हणून जीर्णोद्धाराच्या या शुभदिनी गावापुढे तीन सूचना ठेवाव्याशा वाटतात. पहिली अशी, की जमलेल्या वर्गणीतील काही रक्कम वार्षिक देखभालीसाठी मुदत ठेवीत बाजूला काढावी आणि तिच्या व्याजातूनच पन्हळी, सांधे, उतार यांचे काम व्हावे. हिशेब दरवर्षी जत्रेच्या दिवशी सर्वांसमोर वाचावा. दुसरी अशी, की देवळात एक पावसाळी वही असावी. कोठे गळले, कोठे ओल आली, पन्हळ केव्हा तुंबली, पुराचे पाणी कितव्या पायरीपर्यंत आले, हे पुजाऱ्याने किंवा शाळेतील मुलांनी तारखेनिशी लिहावे. पुराची खूण भिंतीवर कोरलेली असेल तर ती रंगाखाली झाकू नये. पुढच्या पिढीला तीच सावध करील. तिसरी अशी, की वर्षातून दोनदा गावाने मिळून देवळाभोवती आणि आपापल्या घराभोवती फेरी मारावी: एकदा मृगाच्या आधी, पाण्याच्या वाटा मोकळ्या करण्यासाठी, आणि एकदा दसऱ्यानंतर, झालेली इजा पाहून दुरुस्तीला हात घालण्यासाठी. गाव करी ते राव न करी, ही म्हण अशाच कामासाठी आहे.

उजनी धरणाच्या पाणलोटात जुने पळसदेव गाव बुडाले. तिथले पळसनाथाचे प्राचीन देऊळ वर्षानुवर्षे पाण्याखाली असते आणि पाणी फार उतरले की उघडे पडते. तेव्हा दूरदूरचे लोक होड्यांतून त्याचे दर्शन घ्यायला जातात आणि त्याचे घडीव दगड इतक्या वर्षांनीही उभे पाहून थक्क होतात. त्या देवळाला पाण्याने कायमचे घेरले, गावाच्या हाती काही उरले नाही. ज्या गावांचे देव अजून जमिनीवर आहेत, ज्यांच्या घरांवर अजून माळवद किंवा कौले आहेत, त्यांच्या हाती मात्र पुष्कळ आहे. त्यासाठी फार मोठा पैसा लागत नाही. पावसात छत्री घेऊन, पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे पाहत उभा राहणारा एक माणूस लागतो.

उद्यापासून देवदर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाने कळसाला हात जोडावेत, आणि जाता जाता गोमुखाकडेही एकवार पाहावे. त्यातून पाणी मोकळे वाहत असेल तर देऊळ सुखात आहे, असे समजावे. तुंबले असेल तर दोन बोटांनी निर्माल्य बाजूला करावे. तीही देवाची सेवाच आहे.

ज्यांनी श्रम दिले, ज्यांनी धन दिले, ज्या गवंड्यांनी आणि पाथरवटांनी घाम गाळला, त्या सर्वांना ईश्वर उदंड आयुष्य देवो, आणि त्यांच्या हातून उभ्या राहिलेल्या या वास्तूलाही देवो, हीच देवाचरणी प्रार्थना.

शुभं भवतु.